नोंद

यास्ना पहिल्यांदा आली तेव्हा रात्रीचे अडीच.
ताल्काउआनोच्या धक्क्यावर मासळीचे क्रेट उतरत होते,
तिच्या केसांनाही तोच वास.
वय तेवीस, अठ्ठाविसावा आठवडा.
वरच्या पोटात दुखतंय, म्हणाली, पाठीपर्यंत जातंय.
मी एकवीस वर्षं सुईण आहे.
लिहिलं : जळजळ.
उशी उंच घे म्हटलं, घरी पाठवली.

पोटावरचे पाच व्रण पाहिले होते मी,
बटणाएवढे, पांढरे पडलेले.
दीड वर्षापूर्वी बापाने होडीचं इंजिन विकून
तिचं जठर अंड्याएवढं करून आणलं होतं.
त्रेचाळीस किलो उतरले.
कधी वेळेवर न येणारी पाळी शहाण्यासारखी येऊ लागली,
आणि मग आलीच नाही.
साखरेच्या तपासणीचा गोड पेला तिला मीच दिला होता;
दहाव्या मिनिटाला ती घामाने निथळत खुर्चीवरून घसरली.
तेव्हा तरी.

तिसऱ्यांदा आली ती स्ट्रेचरवर.
उलटी हिरवी.

आतडं नव्या वाटेने जोडतात, डॉक्टर उरुतिया सांगत होते,
तेव्हा मागे फट राहते.
शिवली तरी, चरबी झडली की पुन्हा मोकळी होते.
गर्भाशय वर चढतं, आतड्याला रेटतं,
आणि ते फटीतून निसटून पिळतं.
डॉन एलिओदोरो ऐकत होते, बोटं हवेतच गाठ मारत होती.
जाळ्याचं एक घर उसवलं, ते म्हणाले,
तरी मी होडीत चढायच्या आधी पाहतो.
तुम्ही का नाही पाहिलं, असं विचारलं नाही त्यांनी.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हातभर आतडं काळं पडलेलं, कापून टाकलं.
मुलगी काढली. नऊशे ऐंशी ग्रॅम.

आता यास्ना भोपळ्याचं सूप चार चमचे घेते, थांबते.
काचेच्या पेटीत मुलगी नळीतून चार मिली घेते, थांबते.
अशी दोघींची पंगत.
जन्मभर काट्यावर डोळे मिटून उभी राहिलेली ही पोर
रोज सकाळी काट्यावर वाकते :
किती?
बारा ग्रॅम वाढली.
बाराच?
बारा म्हणजे पुष्कळ गं.
ती आकडा तळहातावर लिहून घेते,
दिवसभर हात धुवायला टाळाटाळ करते,
नर्स ओरडते.

फाइल माझ्या टेबलावर आहे, सहीसाठी.
पहिल्या पानावर माझंच अक्षर,
वळणदार, कुठे घाई नाही :
जळजळ.