जवळचं कोण

ती घर बघायला येणार म्हणून
मी पोहे केले होते.
कुणी बघायला येणार म्हटलं की
हात आपोआप शेंगदाण्यांच्या डब्याकडे जातो.

ग्लेनिसबाईंनी पोहे खाल्ले, कोथिंबीर तेवढी वेगळी काढली,
मग टेप घेऊन मागच्या दारी गेल्या.
कुंपण पाच फूट. हवं सहा.
फाटकाची कडी ढिली.
काचेच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवा, म्हणाल्या,
तिला काच ठाऊक नाही.
जिनाही ठाऊक नाही.
चार वर्षं ती नुसती गोल धावली आहे.

मी तिला पाहिलं ते जानेवारीत,
डॉंकास्टरबाहेर, बंद खाणीच्या रस्त्यावर,
पत्र्याच्या छपराखाली.
मी तर जुने टॉवेल द्यायला गेले होते
आणि माझे निळे युनिफॉर्म, अकरा.
निवृत्तीनंतर कुणाच्या अंगाला येणार होते ते?
'जानेवारीत जागाच नसते,' तिथला पोरगा म्हणाला.
नाताळात रिबीन बांधून नेलेली पिल्लं
सुटी संपली की परत येतात.
कुणी चावतं म्हणून, कुणी मुततं म्हणून,
एक तर, शप्पथ, सोफ्याला शोभत नाही म्हणून.

शेवटच्या जाळीआड ही.
बसायचं कसं ते कुणी सांगितलंच नसावं, अशी उभी.
कानाच्या आत हिरव्या शाईने गोंदलेला नंबर.
गोंदण तेवढं वर सोबत येतं म्हणतात आपल्यात.
हिच्यासोबत काय जाणार?
आकडे.

'दिवसाला किती तास एकटी राहील?'
'भारतात गेलात तर?'
'डॉक्टरचं बिल झेपेल?'
सगळ्याची उत्तरं मी पाठ केली होती.
मग त्यांनी पान उलटलं.
'आणि तुम्हाला काही झालं तर?'

दोन ओळींचा रकाना.

एकतीस वर्षं रात्रपाळीला
मीच हे विचारत आले,
पेनाचं टोपण दातात धरून. जवळचं कोण?
लोक बायकोचं नाव सांगत, मुलाचं सांगत
आणि फोन नंबर आठवत नसे.
एक म्हातारा खाणकामगार म्हणाला होता,
'लिही, शेजाऱ्याचा कुत्रा,'
आणि हसता हसता खोकत राहिला.
मी लिहिलं: कोणी नाही.
पुढचा पलंग.

माझा मुलगा व्हँकुव्हरला.
बहीण साताऱ्याला, दोन्ही गुडघे बदललेली.
'घाई नाही,' ग्लेनिसबाई म्हणाल्या,
'पण रिकामा चालत नाही आम्हाला.'

संध्याकाळी उरलेल्या पोह्यांवर ताटली झाकून
शेजारचं दार वाजवलं.
क्लिफर्डशी अठरा वर्षांचा शेजार,
आणि बोलणं एवढंच:
या आठवड्यात हिरवा डबा बाहेर ठेवायचा की काळा.
साखळी न काढता त्याने दार फटभर उघडलं.
मी सगळं उलटसुलट सांगितलं,
आधी काच, मग माझं मरण, मग जिना, शेवटी कुत्री.

तो बराच वेळ ताटलीकडे बघत राहिला.
'भुंकते?'
'अजून तरी ऐकलेली नाही.'
'मग काय उपयोग,' म्हणाला,
साखळी काढली, पोहे घेतले,
आणि आडनावाची अक्षरं एकेक करून लिहवून घेतली.
शेवटी एक ई जास्त आहे,
लोक नेहमी चुकतात.

शनिवारी करवत घेऊन आला.
कुंपणाचा वरचा एक फूट अजून कोरा दिसतो,
खालच्या लाकडाशी मेळ नाही.

पहिल्या रात्री ती जिन्याच्या तळाशी उभी राहिली,
म्हणून मी खालीच झोपले, कोचावर, पाय मुडपून.
आज अकरावी रात्र.
तिने पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला,
जरा वेळ ठेवला,
मग काढून घेतला.

मी वरच्या पायरीवर बसून आहे.
हाक मारत नाही.