आखूड आकडा

नाला खोल करताना गाळातून वर आलं:
एक कडी, तिला चार वाकडी बोटं,
गंजानं सुजलेली.
पऱ्हाटीच्या धुऱ्यावर ठेवलं.

सरपंचाचा पोरगा म्हणे, जहाजाचा नांगर.
हिवरीत जहाज! कवडू हसता हसता खोकला.
कोणी म्हणे, भुताले बांधाचं.
भंगारवाल्यानं नुसतं उचलून पाहिलं:
दीड किलो.

बकाराम खात्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
तो बोटांनीच गेला आकड्या-आकड्यावरून,
तिसऱ्यापाशी थांबला.
आखूड होता तो.

"गळ व्हय हा. इहिरीत बादली पडली
का घरोघर मांगून नेत.
हा आकडा माह्या बापानं जोडला."

कोणी नेला होता शेवटी, आठवेना.
कडीत दोराची जागा चाचपत राहिला.

भंगारवाला म्हणाला, बोला, किती देऊ?

बकाराम म्हणाला,
"बादली भेटली का मंग?"