सावली

मरोळ गावठाणातल्या दगडी क्रुसापुढे
हात जोडून उभे सांतानभाऊ कोरिया.
फोटो झकास आला होता.

"क्रूस काढ," मॅनेजर म्हणाला, "हे चाळींत वाटायचंय."
काढला. मागे आभाळ भरलं,
थोडे ढग, एक अर्धवट नारळ.
भाऊ आता कुणाला हात जोडतायत ते कळेना;
मतदारांनाच, असं समजायचं.

गावठाणासाठी गठ्ठा वेगळा. क्रुसासकट.
खाली फक्त : आपला माणूस.

प्रूफ बघायला भाऊ स्वतः आले.
दोन्ही कागद शेजारी ठेवून चष्मा पुसत राहिले.
"प्लेगाच्या साली पणजोबांनी उभा केलेला,"
कुणालाच उद्देशून नाही,
आणि दोन्हींवर सही केली.

तिसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीचा पोरगा
चाळीतलं पत्रक घेऊन आला.
सदऱ्यावर बोट ठेवलं : डाव्या खांद्यावर
एक उभी, एक आडवी,
बारीकशी सावली.
पुसायची राहून गेलेली.

"एवढीच मोठी कर. चार हजार कॉपी."

मशीन एकच. शाईही तीच.
ॲडव्हान्स मी दोनदा मोजून घेतला.

रात्री शटर ओढताना, बल्बखाली,
स्वतःच्या खांद्याकडे बघितलं
उगाच.