रकाना सातवा: इतर

जानेवारी. डंडीत दिवस चारच्या आतच आटोपतो.
हिलटाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
मी, नगर परिषदेचा माणूस,
खांद्यावर लाल पंखा, गळ्यात ऊब बघणारा कॅमेरा,
हातात एकोणीस रकान्यांचा फॉर्म.

एल्स्पेथ डफने दार उघडलं ते साखळी ठेवूनच.
"मीटरवाला का?"
नाही म्हटलं, फटी शोधणारा.
"मग ये. फटींना इथे तोटा नाही."

दाराच्या चौकटीत पंखा बसवला, कळ दाबली,
आतली हवा बाहेर खेचली जाऊ लागली
आणि घराला कंठ फुटला:
खिडकीच्या चौकटीतून शीळ,
सिंकखाली, नळ भिंतीत शिरतो तिथून, बारीक कुरकुर,
जुन्या धुराड्यातून तर सरळ उसासाच.
त्यात कोंबलेलं वर्तमानपत्र घरंगळत खाली आलं,
एकोणीसशे शहाण्णवचं. कोणीतरी जिंकलं होतं त्यात.

मी खडूने खुणा करत निघालो.
ती मागोमाग, दोन स्वेटर, वर नवऱ्याचा कोट,
आमचं पत्रक मोठ्याने वाचत,
चुकून आपल्याकडे आलेलं दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं:
"थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणा."
थांबली. "खाली? अरे, वर कधी नेला होता?"
"किटलीत लागेल तेवढंच पाणी घ्या."
"एका कपाहून कमी कसं घ्यायचं, ते नाही दिलेलं."

रकाना सातवा. उष्णतेचे स्रोत.
गॅस? हो. वीज? एक हीटर, पलंगाशी, फक्त रविवारी.
इतर?
"रॅट्रे," ती म्हणाली.
माझं पेन तसंच अधांतरी.

"पलीकडचा आर्ची रॅट्रे. गोदीत हाडं भिजलेला माणूस.
वर्षाचे नऊ महिने शेगडी पेटलेली, ह्याच भिंतीला पाठ लावून.
अकरा वर्षं अलीकडून माझी खुर्ची टेकलेली.
बोलणं म्हणशील तर जिन्यात, 'निसरडं आहे', एवढंच.
पण भिंत ऊन असायची, पोरा. भट्टीतल्या पावासारखी.
गेल्या मार्चात एका सकाळी टेकले तर गार.
दुपारीही गार.
मी फोन केला, तर तिकडची बाई विचारते, तुम्हाला कसं कळलं?
काय सांगू तिला?"

रिकामं घर आम्ही आधी घेतो, सामान हलवावं लागत नाही.
रॅट्रेचं घर आम्हीच केलं, मेमध्ये:
भिंतींना आतून चार इंच लोकर, दुहेरी काच, धुराडं बंद.
आता तिथे एक तरुण जोडपं, तान्हं बाळ,
आणि कागदावर आमच्या प्रभागातला सगळ्यांत चांगला आकडा.
जराही ऊब बाहेर जात नाही.
बाहेर म्हणजे कुठे, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.

मी कॅमेरा भिंतीकडे वळवला.
पडद्यावर निळं, जांभळं, पुन्हा निळं,
आणि खुर्चीच्या मागे, खांद्यांच्या उंचीवर
फिकट पिवळा डाग, माणसाच्या पाठीएवढा.
"काही दिसतंय?"
"तुम्हीच दिसताय."
तिने चष्मा पुसून नीट पाहिलं.
"म्हणजे आता मी शेकतेय होय भिंतीला?
असू दे. बाळ आहे त्यांच्याकडे."

लोकर बाळापर्यंत काही पोचू देत नाही,
हे मला ठाऊक होतं. बोललो नाही.

धुराड्यात फुगा, खिडक्यांना रबरी पट्ट्या,
त्या भिंतीला नव्वद मिलिमीटर: मंजुरीसाठी लिहिलं.
सोळा आठवडे लागतील, म्हटलं.
तिने बोटांवर मोजलं. "मे," म्हणाली,
"छान. मेमध्ये मी खिडकी उघडीच ठेवते."

रात्री फॉर्म परत आला, खाली एक लाल ओळ:
रकाना सातवा, 'इतर', नोंद रॅट्रे.
उत्पादक कंपनी आणि मॉडेल क्रमांक कळवावा.