थंड की गरम

चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले,
कागदावर पेन्सिलीनं आकडे: एक, दोन, तीन, चार.
चारहींच्या टोकाला काजळी,
सुकी, मऊ, बोटाला लागली की तीन दिवस न जाणारी.
तिसरा वर तेलकटही. तो पहिल्यापासून तसाच.
बाबा म्हणायचे, चार भावंडांत एक रडकं निघतंच.

लामेगूच्या उतारावर आमचं गॅरेज,
आत एकाहत्तर सालची गाडी, दोनच माणसांची.
तिसऱ्याचा विचारच केलेला नाही तिनं;
मी जन्मल्यावर आई त्यावरून वीस वर्षं बोलत होती.

परवा चर्चच्या चढावर ती दोनदा ठसकली,
मग खोकली, मग गप्प.
मागे पाववाल्याची व्हॅन. त्यानं हॉर्न दिला नाही,
उलट टोपी काढली. गाडी कुणाची, सगळ्या गावाला ठाऊक.

आर्मिंदूंच्या दुकानात नातू काउंटरवर:
इरिडियमचे घ्या, पुन्हा बदलायलाच नकोत.
म्हातारा आतून ओरडला, तिला आधी विचार,
पुन्हा बदलायचे नाहीत असं कुणी सांगितलं?

मी वही पुढे केली. बाबांचं अक्षर, उजवीकडे कललेलं:
ऑगस्ट ब्याऐंशी. डोंगरचढ. प्लग थंड.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
खाली प्लगचा नंबर, त्याखाली दोन रेघा.
मला हेच हवेत, मी म्हणाले.

आर्मिंदूंनी चष्मा कपाळावर ढकलला.
नंबरांचं काही खरं नसतं, पोरी.
एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड,
दुसरीत वाढला की गरम.
चालवतं कोण आता?
मी.
किती?
रविवारी बाजार. कधी नदीपर्यंत. साठच्या वर नाही.

मग त्यांनी जुना एक नंबर उजेडात धरला.
थंड प्लग आपली धग झटकन इंजिनाला देऊन मोकळा होतो.
तुझा बाप जसा हाकायचा, त्याला तेच हवं,
नाहीतर टोक लाल होतं, ठिणगीआधीच पेट घेतं.
तू हाकतेस तशात तो तापतच नाही,
स्वतःची काजळी स्वतः जाळत नाही.
गरम प्लग आपलं तोंड आपण धुतो.

पण वहीत, मी म्हटलं.
वही त्याच्या पायाची आहे, ते म्हणाले,
आणि खालच्या फळीवरून चार खोकी काढली,
साधी, तांब्याच्या गाभ्याची, धूळ बसलेली.
लांबी दोनदा मोजली. पाऊण सेंटिमीटर जास्त असता
तर पिस्टननं डोकं आपटलं असतं.

आमच्या भाषेत प्लगला आणि मेणबत्तीला एकच शब्द.
घरी आईनं विचारलं, वेला आणल्यास?
हो म्हटलं, चार.
ती म्हणाली, चार कशाला, त्यांना एक पुरे होती,
जळत्या मेणाचा वास त्यांना सोसायचाच नाही.
मी खुलासा केला नाही.

संध्याकाळी पातीनं फट तपासली, नखभर,
पाती अडली पाहिजे, अडकता कामा नये.
आधी बोटांनीच फिरवले, पाना नंतर;
अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा बिघडले की बिघडले.
वॉशर चेपला गेल्याचं मनगटाला कळलं.
थांबायचं कुठे, ते वहीत नव्हतं.

पहिल्या किल्लीला नाही. दुसऱ्या किल्लीला लागली,
आणि तो आवाज त्यांचा नव्हता,
खालचा, जरासा जाडसर, जेवून उठलेल्या माणसासारखा.

वहीत लिहिलं: ऑक्टोबर. प्लग गरम.
नदीपर्यंत जाऊन परत. वेळ मोजली नाही.

अक्षर माझं डावीकडे कलतं.
तिसरा महिन्याभरानं काढून पाहीन.