दीर्घ ऊ

नोटीस लागली त्या दिवशी मी ती नीट वाचली नाही.
फलकाची काच केव्हाची फुटलेली,
कुलूप तेवढं शाबूत,
आणि आत, कुठल्याशा जमिनीच्या जाहीर सूचनेखाली
टाचणीला लटकून आम्ही दोघं:
अमोस शांतवन त्रिभुवन, राहणार शरणपूर,
उर्मिला निवृत्ती गायधनी, राहणार पळसे.
कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

हरकत.
किती सभ्य शब्द.
आमच्या घरात तो कुणी वापरला नव्हता.
आई नुसती पोळ्या लाटत राहिली, गरजेपेक्षा जास्त,
आणि नाना ताटावरून उठून
चष्मा पुसत बसले.

नाना चौतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात.
नोटांच्या नव्हे, मुद्रांकांच्या.
कागद उजेडाकडे धरायचा,
रेघ तुटली का, शाई फुटली का,
सिंहाचा कान पुरता उमटला का,
दिवसभर एवढंच.
घरी आले की लोकांच्या लग्नपत्रिका तपासायचे.
'शुभवीवाह' छापणाऱ्याच्या मांडवात
पाण्याचा घोटही घेऊ नये, म्हणायचे.
गेले मात्र सगळ्यांकडे.

प्रतिज्ञापत्रासाठी सीबीएसजवळ स्टँपपेपर घेतला
तेव्हा मीही तो उजेडाकडे धरला.
विकणारा म्हणाला, ताई, खरा आहे.

तीस दिवस.
द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागावेत तेवढे.
रात्री अमोस फोनवर विचारायचा, काही?
मी म्हणायचे, काही नाही.
जणू कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी.

साक्षीदार तीन लागतात. दोन आले होते:
रूथमावशी, पर्समध्ये बायबल आणि आधारकार्ड,
आणि सातपूरच्या कारखान्यातला खैरनार,
नखांत ग्रीस, अंगात भाच्याचा ब्लेझर.
तिसरी वासंती, द्वारकेच्या सिग्नलला अडकलेली.
बाबू म्हणाले, हार बाहेर घाला,
रजिस्टरात पाकळ्या पडतात.
मग निशिगंधाचे हार पिशवीतच बसून राहिले
रुसलेल्या पाहुण्यांसारखे.

वेळ होता, म्हणून फलकापाशी गेले.
कागद पिवळा पडून एकाच टाचणीवर आलेला.
माझं नाव.
'उ'ला शेपूट होतं.
छापलेलं नव्हे. टोक केलेल्या पेन्सिलीनं
फुटक्या काचेतून हात घालून
कुणीतरी जोडलेलं, इतकं जपून
की छपाईचीच जाडी वाटावी.

शिपाई म्हणाला, ते होय? एक म्हातारे यायचे.
तीन-चारदा आले. नुसतेच उभे.
शेवटी मी विचारलं, बाबा, हरकत घ्यायचीय का?
तर म्हणाले, आहे हरकत. शुद्धलेखनाची.
मनगटाला कापलं त्यांच्या.
मीच पट्टी आणून दिली.

वासंती धापा टाकत आली.
आत पंख्याखाली उभे राहिलो
आणि साहेबांनी सांगितलं तसं मी म्हटलं,
मी, ऊर्मिला, तुझा, अमोस,
कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते.
'ऊ'वर जरा जास्तच थांबले.
अमोस दचकला.
त्याला वाटलं, मी अडखळले.

रजिस्टर लिहिताना बाबू थबकले.
आधारवर पहिला आहे, फलकावर दुसरा.
कोणता घेऊ?
म्हटलं, दुसरा.
लेखी द्यावं लागेल, म्हणाले.
दिलं.

बाहेर हार घातले. फोटोत खैरनारचा अंगठा आला.
रूथमावशी रडल्या, मग सगळ्यांना
उसाचा रस त्यांनीच पाजला.

दाखल्याची एक प्रत जादा मागितली आहे.
पळशाला पाठवायची.
तपासायला.