पंधरा सेकंद

अठ्ठावीस वर्षं मी गहू पाहिला
मेलफर्टच्या धान्यकोठारात, उत्तरेच्या खिडकीपाशी,
कारण उत्तरेचा उजेड बाजू घेत नाही.
ताटलीत मूठभर दाणे पसरायचे:
हिमानं हिरवट राहिलेले, पावसानं पांढुरलेले,
टोकाशी काळवंडलेले,
आणि चहा निवायच्या आत सांगायचं,
पहिली प्रत, दुसरी, की गुरांची.
ट्रकवाले टोप्या हातात घेऊन उभे राहत.
कुणी वाद घातला नाही.
म्हणजे, यारोस्लाव क्रुपाकनं घातला एकदा.
हरला तो.

आणि आता बाहेर उणे एकतीस,
मी न्हाणीघरात टबाच्या काठावर,
हातात प्लॅस्टिकची पट्टी,
टोकाला मुंगीला पुरेल एवढा चौकोन.
बुडवायची, झटकायची, पंधरा सेकंद मोजायचे.
सोळाव्या सेकंदाचा रंग हा रंग नव्हे,
असं बाटलीवर लिहिलंय.
मला पटलं. आमच्याकडेही नियम होते.

पहिल्या आठवड्यात गुलाबी,
दुसऱ्यात बीटच्या सुपासारखी,
मग एका संध्याकाळी थेट जांभळी, वांग्याच्या सालीसारखी.
मी वॉल्टरला हाक मारली.
त्यानं पावाला लोणी लावता लावता मान डोलावली.
माझ्या श्वासाला म्हणे
नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास येतो.
येऊ दे, म्हटलं. पहिली प्रत आहे ही.

मग फेब्रुवारीत ती फिकी पडायला लागली.
तेच अंडं, तीच कोबी, तेच डुकराचं मांस,
पाव नाही, बटाटा नाही,
रविवारी मीच लाटलेल्या पिरोहींना
मीच काट्यानं टोचून बघायचे, शिजल्या का म्हणून,
आणि काटा न चाटता धुवायचे.
तरी पट्टी सायीसारखी.
मी मसाल्याच्या बाटल्या वाचल्या.
खोकल्याचं औषध वाचलं.
झोपेत उठून पाव खाते की काय म्हणून
एका रात्री पावाच्या डब्याला दोरा बांधला.
सकाळी दोरा तसाच. वॉल्टर मात्र उपाशी बसलेला.

दवाखान्यातली नर्स, डॅनियेल उलेट,
माझ्या मुलीपेक्षाही लहान.
किती पाणी पितेस, विचारलं तिनं.
पुष्कळ, म्हटलं. आता पुष्कळ.
ती हसली. म्हणाली,
स्टेफनिया, पट्टीला फक्त उतू गेलेलं दिसतं.
सुरुवातीला शरीर नवशिकं असतं, सांडतं फार.
आता बरंचसं पोटी लागतंय.
तिनं बोट टोचलं, थेंब यंत्राला पाजला:
एक पूर्णांक दोन.
हे रक्तातलं, म्हणाली. ठीक आहे.
पण साखर चढलेली असताना आकडा तीनवर गेला,
किंवा ओकाऱ्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नकोस.
आणि मग थांबून,
जांभळा म्हणजे शाबासकी नव्हे गं.

गाडी तापेपर्यंत मी पार्किंगमध्ये बसून राहिले.
मला क्रुपाकचा गहू आठवला.
त्या वर्षी कापणीवर दहा दिवस पाऊस होता,
दाणा धुतल्या फडक्यासारखा पांढुरका.
तो म्हणत होता, आत बघा, बाई, आत कस आहे.
नंतर प्रयोगशाळेची चिठ्ठी आलीही,
प्रथिनं साडेचौदा.
पण प्रत रंगावर ठरते, मी म्हटलं.
नियम तसाच होता. आजही तसाच असेल.
मी चूक नव्हते.

परवा तो सहकारी दुकानात दिसला,
ढकलगाडीवर रेलून, पिठांच्या रांगेत,
जिथं आता मला काही काम नसतं.
मी तिथं का आले, त्यानं विचारलं नाही.
बारीक झालीस, म्हणाला.
मी म्हटलं, हो.
आणखी काही म्हणायचं होतं.
तो दहा किलोची पिशवी उचलायला वाकला,
मी दुसरं टोक धरलं.